गेणूतात्यांच्या निधनाची चौकशी

मंगळवार, ६ जानेवारी

आज सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी एका जिवंत माणसाला मारलं.

क्रमानं लिहितो. बारामती एसटी स्थानकावर अठ्ठावीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली, त्यामुळे कुठलीही गोष्ट वेळेसकट लिहायची सवय आहे.

चहा घेत होतो. माळेगावच्या मानसिंगचा मेसेज आला. मानसिंग साखर कारखान्यात टाइमकीपर होता, आता माझ्यासारखाच निवृत्त. मेसेज असा : 'कन्हेरीचे प्रगतशील बागायतदार गेणूतात्या रासकर यांचं आज पहाटे दुःखद निधन झालं. अंत्यविधी दुपारी बारा वाजता त्यांच्या मळ्यात.' खाली फोटो. नवा फेटा बांधलेले तात्या, चेहऱ्यावर हसू.

तात्यांना मी नोकरीला लागल्यापासून ओळखतो. वांगी, फ्लॉवर, टोमॅटो घेऊन पहिल्या गाडीनं मंडईला यायचे. परतीची गाडी लागली नसेल तर चौकशीच्या खिडकीशी येऊन म्हणायचे, "वसंतराव, तुमच्या गाडीआधी माझं टक्कल पिकंल." डोळ्यांत पाणी आलं. मेसेज अकरा ग्रुपांवर पाठवला. एवढ्यानं समाधान होईना, म्हणून स्थानकावर गाड्यांची घोषणा करायचो त्याच चालीत तो निरोप माझ्या आवाजात बोलून तोही सगळीकडे सोडला. माझी बायको यशोदा आंघोळीला गेली होती. ती बाहेर येईपर्यंत सगळं झालं होतं.

सव्वादहाला हार घेऊन स्कूटरवरून कन्हेरीला पोहोचलो. मळ्यात तीस-चाळीस माणसं उभी. पडवीत बाजेवर गेणूतात्या शेंगा फोडत बसलेले.

हार माझ्या हातातच राहिला.

"या वसंतराव," तात्या म्हणाले. "आवाज लई झ्याक लागला तुमचा. मी दोनदा आयकला."

मी पाय धरायला वाकलो. त्यांनी उठवलं. "आसू द्या, आसू द्या. येक सांगा. तुमचा आवाज निरवांगीकडं गेला आसंल का?"

"इंदापूर आगाराच्या ग्रुपवर टाकलाय तात्या. तिकडं घरोघरी गेला असणार." मान वर करून बोलायची लाज वाटत होती.

तात्यांनी नुसती मान हलवली. आपली बदनामी किती लांब पोहोचली याचीच बिचाऱ्यांना काळजी.

त्यांच्या घरच्या चंद्राकाकू चुलीवर मोठ्या पातेल्यात चहा करत होत्या. अचानक चाळीस माणसं आली तरी दूध कमी पडलं नाही, याचं कौतुक वाटलं. मुलगी निकिता पुण्याला नर्स आहे. ती आली नाही, तिचा साधा फोनही नाही. बाप गेल्याची बातमी अख्ख्या जिल्ह्यात आणि मुलगी गप्प. काय म्हणावं आजच्या पिढीला.

बाराला दहा कमी असताना रस्त्यावर जीप थांबली. सत्तरीची एक बाई उतरली आणि बांधावरून पळतच आली. गुडघे दुखत असणार, कारण ती वेडीवाकडी पळत होती. "दादा, दादा" एवढंच म्हणत होती. गर्दी बाजूला झाली आणि तिला बाजेवरचे तात्या दिसले.

ती थांबली. पदरानं डोळे पुसून पुन्हा बघितलं. मग जमिनीवरच बसली.

"मेला न्हाईस व्हय तू?"

"न्हाय," तात्या म्हणाले.

"मग मी कशाला आले?"

"आलीस न्हवं? बस जरा. पानी पी."

बाई परत जायला उठली, पण गुडघा साथ देईना. शेजाऱ्याची जीप होती, ती सोडून निघूनही गेली होती. चंद्राकाकूंनी तिला हाताला धरून आत नेलं. ही तात्यांची धाकटी बहीण, निरवांगीची छबूबाई. बहीण-भाऊ एकोणीस वर्षं बोलत नव्हते म्हणे.

निघताना छबूबाईंनी मला दारात गाठलं. "त्यो आवाज तुमचा न्हवं?"

"हो."

"मेसेजवर माझा इस्वास बसला नसता. पर त्यो आवाज आयकला आन बसले जीपमदी. स्टँडवर त्यो आवाज कदी खोटं बोलला न्हवता."

हार स्कूटरच्या डिकीत घालून घरी आणला. काय करायचं त्याचं कळत नाही.

बुधवार, ७ जानेवारी

निवृत्तांच्या ग्रुपवर सकाळपासून माझाच विषय. एकानं लिहिलं, 'वसंतराव, माझी गाडी कितीची आहे ते आधी कळवा, आंघोळ करून बसतो.' दुसऱ्यानं विचारलं, 'फलाट क्रमांक?'

अकराही ग्रुपांवर खुलासा पाठवला. निधनाच्या बातमीला दोनशेच्या वर हात जोडलेले होते. 'तात्या सुखरूप आहेत' याला सहा अंगठे. त्यातला एक यशोदाचा.

जेवताना ती म्हणाली, "अहो, पाठवण्याआधी त्यांच्या घरी एक फोन केला असता तर?"

"त्या क्षणी सुचलं नाही."

"अकरा ग्रुप सुचले ते?"

मी आमटी वाढून घेतली. ठरवलं आहे की या प्रकरणाची रीतसर चौकशी करायची. अपघात झाला की आम्ही गाडी सुटली तिथपर्यंत मागं जायचो. ही बातमीसुद्धा कुठल्या तरी आगारातून सुटली असेलच.

गुरुवार, ८ जानेवारी

माळेगावला गेलो. गाळप जोरात आहे, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग कारखान्यापासून पार रस्त्यापर्यंत. मानसिंग ओट्यावर पेपर वाचत होता.

"मानसिंगराव, ते प्रगतशील बागायतदार कुठून आलं?"

"ते मी घातलं," तो शांतपणे म्हणाला. "मूळ मेसेज फार उघडा-बोडका होता. गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बरे बोलावेत. दुःखदसुद्धा माझंच."

"आणखी काय केलंत?"

"शेवटची ओळ काढली. पाहुण्यांबद्दल काहीतरी होतं. मला लांबण आवडत नाही."

"पण बातमी खरी आहे का, हे बघितलं नाहीत?"

"फोटो होता की." मग मला न्याहाळून म्हणाला, "आणि तुम्ही काय बघितलंत? माझं नाव."

खरं आहे. त्यानं फोटोवर विश्वास ठेवला, मी त्याच्यावर ठेवला, छबूबाईंनी माझ्यावर ठेवला. बघायला कोणीच गेलं नाही, आणि तात्या सकाळपासून शेंगा फोडत बसलेले.

त्याला तो मेसेज कन्हेरी रस्त्यावरच्या आसावरीच्या रोपवाटिकेच्या ग्रुपवरून आला होता. त्यानं तिथून मिरचीची रोपं नेली होती.

शुक्रवार, ९ जानेवारी

गंमत झाली. सकाळी मंडईतल्या एका आडत्याचा फोन. "वसंतराव, टोमॅटोला दोन भोकं असली की साप चावलेला असतो, खाल्लं की माणूस दगावतो, असा व्हिडिओ आलाय. गिऱ्हाईक टोमॅटो उलटेपालटे करून ठेवून देतंय. खरं का हो?"

"मला का विचारता?"

"तुम्ही आता चुकणार नाही म्हणून."

मी लगेच तात्यांना फोन लावला. तात्या म्हणाले, "भोकं आळी पाडती. साप टमाट्याला कशाला चावंल? त्येला काय दात आंबवून घ्यायचेत?" तरीपण मी नुसतं ऐकून सोडलं नाही. तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारलं. तिथल्या बाईंनीही अळीच सांगितली, किडकं फळ टाकून द्या म्हणाल्या. मग माझ्या आवाजात बोलून पाठवलं, आणि हे मी कुणाकुणाला विचारलं तेही त्यात सांगितलं.

दुपारी दुसरा फोन. सोमवारपासून ज्येष्ठांची एसटी सवलत बंद, असं फिरतंय. आगारात विचारलं. तसं काहीही पत्रक आलेलं नाही. तेही कळवलं. संध्याकाळपर्यंत नऊ फोन आले. यशोदा म्हणाली, "निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही दाढी करून बसलात."

शनिवार, १० जानेवारी

चौकशी पूर्ण झाली आणि प्रकरण फार गंभीर निघालं.

आसावरी तरुण मुलगी आहे. बापाची रोपवाटिका ती एकटी बघते. शेडनेटमध्ये ट्रेला पाणी घालत होती. मी विचारल्यावर तिनं हात पुसून मोबाईल पुढं केला. "मला तर तात्यांच्याच नंबरवरून आला होता. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. मला वाटलं घरातल्या कुणीतरी त्यांच्या फोनवरून पाठवला. रडतच ग्रुपवर टाकला."

मूळ मेसेज मी वहीत उतरवून घेतला :

'कन्हेरीचं गेनू रासकर आज पाटं वारलं. माती दुपारी बाराला मळ्यात. निरवांगीच्या पावन्यांनी जरूर जरूर यावं. वाट बगतोय.'

भाषा बघून माझ्या लगेच लक्षात आलं. तात्यांचा फोन हॅक झाला आहे. हे हॅकर लोक हुबेहूब नक्कल करतात असं मी वाचलं आहे. हे वाचलेलं खरं की खोटं, ते मात्र तपासायचं राहिलं.

तसाच मळ्यात गेलो. छबूबाई अजून तिथंच आहेत. गुडघ्याला शेक चालू आहे, पण त्या काही बसून नव्हत्या. टोमॅटोला सुतळी कशी बांधली यावरून भावाला धारेवर धरलं होतं. "फास लावल्यागत बांधलंयस. झाड हाय का चोर?" तात्या निमूटपणे सुतळी सोडून पुन्हा बांधत होते. इतके खुशीत मी त्यांना कधी बघितलं नाही.

मी त्यांना विहिरीच्या कडेला नेलं आणि हॅकरचं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"फोन बगून कळतं व्हय, कुनी पाठवलं ते?"

"सगळं कळतं. सोमवारी आपण सायबर पोलिसांकडं तक्रार देऊ."

"न्हाय न्हाय. पोलीस कशाला? जाऊ द्या की वसंतराव. मेलोय कुटं मी?"

"आज तुम्ही, उद्या दुसरा कुणी. गुन्हेगाराला मोकळं सोडायचं नाही."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "भोगी होऊ द्या. छबी भोगीपतुर ऱ्हाते म्हनलीया. तवर कायबी करू नगा."

केवढं मोठं मन. ज्यानं मारलं त्यालाही सण गोड जावा असं यांना वाटतं.

सोमवार, १२ जानेवारी

तात्यांना न सांगता पोलीस ठाण्यात चौकशीला गेलो. सायबरचं काम बघणाऱ्या प्रगती नावाच्या पोलीस ताई आहेत, तिशीच्या. त्यांनी मेसेज दोनदा वाचला. मग फोटो मोठा करून बघितला.

"काका, हा फोटो कुठं काढलाय?"

"त्यांच्याच पडवीत."

"कोपऱ्यात बोट आलंय. बोटात अंगठी आहे. बाईचा हात आहे आणि हिरव्या बांगडीची कड दिसतेय. घरातल्याच कुणीतरी काढलाय."

म्हणजे हॅकर घरात शिरले होते. हेही वहीत टिपून घेतलं.

"आणि बातमीमुळं फायदा कुणाचा झाला?"

"कुणाचाच नाही. उलट त्यांची बहीण एकोणीस वर्षांनी धावत आली, गुडघा सुजवून घेतला."

ताईंनी ओठ मिटून घेतले. हसू दाबलं असावं. "काका, उद्या भोगी आहे. त्यांच्याकडं जेवायला जा आणि त्यांना एकदा निवांत विचारा. त्यानंतरही तक्रार द्यावीशी वाटली तर या, मी स्वतः लिहून घेईन."

या नव्या पोरींना गुन्ह्याचं गांभीर्यच नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

मी मूर्ख आहे. हे पहिल्यांदा लिहून मोकळा होतो.

आम्हा दोघांना भोगीच्या जेवणाचं बोलावणं होतं. सगळी भाजी तात्यांच्या मळ्यातली. वांगी, घेवडा, गाजर, ओला हरभरा, त्यात बोरं आणि तिळाचं कूट. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. निकिताही पुण्याहून आली होती. मला बघून हसायला लागली आणि तोंडाला पदर लावला. मला तिचा रागच आला.

जेवणं होत आली तेव्हा छबूबाईंनी विचारलं, "वसंतराव, तुमी चवकशी करताय म्हनं. ज्येनं माझ्या भावाला मारलं त्येचं नाव मला पायजे. येवढ्या लांबनं ऊर फुटंस्तवर पळत आले मी."

तात्यांच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

मी खिशातून वही काढली. मूळ मेसेज आधी वाचून दाखवावा म्हटलं. वाचायचं म्हटलं की माझा आवाज आपोआप स्थानकावरचा लागतो. तसाच लागला. "निरवांगीच्या पावन्यांनी जरूर जरूर यावं. वाट बगतोय."

आणि माझा मलाच तो शब्द ऐकू आला. मेलेल्या माणसाचा मेसेज, आणि वाट बघतोय.

मी तात्यांकडं बघितलं. तात्या ताटाकडं बघत होते. चंद्राकाकूंनी पदरात तोंड लपवलं होतं. दूध, फोटोतलं बोट, निकिताचा न आलेला फोन, सगळं एका झटक्यात माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. वही बंद केली. खिशात घालायला लागलो.

"वाचा की," छबूबाई म्हणाल्या.

"मी पाठवला," तात्या म्हणाले.

छबूबाईंनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"ह्येंनीच पाठवला," चंद्राकाकू म्हणाल्या. "मी म्हनलं, आवो, माझ्या कुकवाचा तरी इचार करा. तर म्हनं, तू फोटू काड, मी हसतो."

"आणि मला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं," निकिता म्हणाली. "म्हणाले, उद्या सकाळी मी मरणार आहे, तू ड्यूटी सोडून येऊ नकोस."

छबूबाईंचा चेहरा दगडासारखा झाला होता. "का रं दादा?"

"तूच म्हनली हुतीस. ह्या उंबऱ्यातनं जाताना. आता तुज्या मढ्यालाच यीन म्हनली हुतीस. मला शात्तरावं लागलंय छबे. खराखरा मेल्यावर तू आली असतीस तर मला दिसली नसतीस."

मग त्यांनी ते सगळं सांगितलं. छबूबाईंच्या अविराजसाठी निकिताला मागणी होती. मामाचीच मुलगी, सगळं ठरल्यासारखं होतं. अशात मंडईत एक माणूस तात्यांना म्हणाला, तुमचा भाचा पितो. तात्यांनी त्याच दिवशी निरवांगीला नकार कळवला. कारण सांगितलं नाही. वर्षभरात कळलं की तो माणूस दुसऱ्याच कुठल्या मुलाबद्दल बोलत होता.

"मंग आला का न्हाईस?" छबूबाईंनी विचारलं.

"कुठल्या तोंडानं येऊ?"

"अविराज चार दिस जेवला न्हवता. निकीसाटी न्हवं. लोकं इचारायची, मामानं का मोडलं, तुज्यात काय खोट हाय. त्येनं सुपारीच्या खांडाला हात लावला न्हाय कदी."

तात्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तशा त्या बोट नाचवत म्हणाल्या, "माज्यापुढं रडू नगंस. मी जेवायला बसलीया. ज्येचं नाव घालवलंस त्येच्याम्होरं जाऊन रड."

"येतो," तात्या म्हणाले. "तू घीऊन चल."

छबूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, लोणी लावलं. खाल्लं. सगळे त्यांच्याकडं बघत होते. मग एकदम त्यांना हसू फुटलं. आधी दाबत होत्या, नंतर डोळ्याला पदर लावून हसायला लागल्या. "नवा फेटा बांधून मेला. आरं, मेल्यावर कुनी फेटा बांधून हसतंय व्हय? आन मी बया तसलाच फोटू बगून रडत बसले जीपमदी."

मग कुणालाच आवरलं नाही. यशोदाला तर ठसका लागला. निकितानं सांगितलं की तिला तेव्हा लग्न नकोच होतं, नर्सिंगला जायचं होतं, पण विचारतंय कोण. तिचा नवरा चांगला आहे आणि अविराजची बायकोही गुणाची आहे, हे छबूबाईंनी मान्य केलं.

निघताना मी तात्यांना विचारलं, लोकांना काय सांगू?

"हाय ते सांगा. आता झाकायचं न्हाय. येका खोट्यानं येकोनीस वर्सं गेली. दुसऱ्या खोट्यानं छबी आली, पर तिचा गुडगा सुजला. फुकट काय बी न्हाय."

येताना स्कूटरवर यशोदा मागून म्हणाली, "मला शनिवारीच कळलं होतं."

"मग बोलली नाहीस?"

"तुमची चौकशी चालू होती ना. मध्ये कशाला बोलायचं?"

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

अकराही ग्रुपांवर माझ्या आवाजात सगळं सांगितलं. बातमी तात्यांनीच दिली होती. बहीण यावी म्हणून दिली. त्यांनी मला फसवलं हे खरं, पण मी एक फोन केला असता तर फसलो नसतो हे जास्त खरं. निरवांगीच्या अविराजबद्दल एकोणीस वर्षांपूर्वी जे बोललं गेलं ते खोटं होतं, हेही तात्यांच्या सांगण्यावरून त्यात घातलं.

थोडी शिवीगाळ झाली. एकानं लिहिलं, म्हाताऱ्यावर गुन्हा दाखल करा. आसावरीनं फोन करून तात्यांना चांगलंच सुनावलं, तिला रडवल्याबद्दल. ते तिनं करायलाच हवं होतं. प्रगती ताईंना तिळगूळ द्यायला गेलो. त्यांनी विचारलं, "मग काका, लिहून घेऊ तक्रार?" मी नुसता तिळगूळ पुढं केला.

आजच्या मेसेजला अंगठे मोजले नाहीत.

शुक्रवार, १६ जानेवारी

तात्या म्हणाले, तुम्ही पण चला. छबूबाई, तात्या आणि मी, एसटीनं. बारामतीच्या स्थानकावर वाहकानं माझा आवाज ऐकून मागं वळून बघितलं. पंच्याहत्तरीच्या वर असल्यामुळे तात्यांना तिकीट लागलं नाही, म्हणजे सवलतीची खात्रीही समक्ष झाली. छबूबाईंनी वाटेत प्रत्येक गावाला कुणाकुणाचं काय झालं ते सांगितलं. तात्या खिडकीबाहेर बघत हूं हूं करत होते. निरवांगी जवळ आली तसे ते हूं करायचेही थांबले. टोपी काढायचे आणि पुन्हा घालायचे.

अविराज घरामागच्या बागेत माशी लागू नये म्हणून पेरूंना पिशव्या घालत होता. त्रेचाळीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा माणूस. आम्हाला बघून आला आणि मामाच्या पाया पडायला वाकला. तात्यांनी त्याचा दंड धरला.

"थांब. आदी मला येक इचारू दे."

"काय मामा?"

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. छबूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी मुद्दामच मदत केली नाही.

"तू पितोस का रं?"

अविराजनं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हाताला लागलेली माती पँटला पुसली.

"च्या पितो मामा. साखर बंद केलीया, दोन वर्सं झाली."

"बास," तात्या म्हणाले. "येवढंच. ह्ये मी तवाच यिऊन इचारायला पायजे हुतं. मंडईतल्या येका मानसाचं आयकलं, आन तुला न्हाय इचारलं. चुकलो मी."

अविराजनं झाडाचा एक पिकलेला पेरू तोडला. तो हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मामा, मला वाटायचं, मीच कायतरी केलं आसंल. लई डोकं लावलं त्येच्यावर. काय केलं ते सापडायचंच न्हाय."

"तू कायबी केलं न्हवतंस."

"ते परवा वसंतकाकांच्या आवाजात आयकलं. दोनदा लावलं." त्यानं पेरू मामाच्या हातात दिला. "आता बसा की. हुबं का?"

बागेतच पोती टाकून बसलो. अविराजची बायको चहा घेऊन आली, थोरली मुलगी शाळेतून आली, तीही बसली. तात्यांनी विचारायला सुरुवात केली. झाडं किती लावली, मधी अंतर किती ठेवलं, पाणी कुठवर पुरतं, हिचं नाव काय, ही कितवीत आहे, धाकटा कुणावर गेलाय. एकेक विचारत होते आणि अविराज एकेक सांगत होता. उत्तर आलं की तात्या ते पुन्हा स्वतःशी म्हणून बघायचे, विसरू नये म्हणून. मध्येच छबूबाई एखादं उत्तर दुरुस्त करायच्या.

परतीची गाडी चारची होती. तीन पन्नासला मी घड्याळ बघितलं. तेव्हा तात्या थोरलीला विचारत होते की तिला पुढं काय शिकायचंय, आणि ती फार सविस्तर सांगत होती. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी सुटणाऱ्या एकाही गाडीची सूचना द्यायला चुकलो नाही. आज गाडीची वेळ झाली आहे, हे मी कुणालाच सांगितलं नाही.